सातवीच्या पहिल्या सत्रात मुलं नेमकं काय शिकतात?

रानजाई

भाऊबीजेला माझ्या भावाने लेकीला विचारलं, "काय मग, सहामाहीपर्यंत काय काय शिकलात?" लेक म्हणाली, "गणितात आठ, विज्ञानात दहा, भूगोलात पाच." धडे मोजून दाखवले. मामाने "वा!" म्हणून चिवड्याची बशी पुढे ओढली आणि विषय संपला.

मला मात्र ते लागलं. चार महिने मी रोज विचारतेय, "आज काय शिकवलं?" आणि उत्तर ठरलेलं, "काही नाही." म्हणून या सुट्टीत फराळाचे डबे रिकामे होईतो मीच तिची पुस्तकं वाचून काढली. ती सेमीला आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून. पण माझ्या डोक्यात ते मराठीतूनच शिरतं, म्हणून ई-बालभारतीवरून मराठी माध्यमाची पुस्तकं उतरवून घेतली. फुकट आहेत, कोणीही घ्या.

पसारा बघून मी चाट पडले. गणिताचा पहिला विभाग त्रिकोणाच्या कोनदुभाजकांपासून निघतो आणि पूर्णांक, मसावि-लसावि, परिमेय संख्या, घातांक असं करत बैजिक राशींपर्यंत जातो. इतिहासात शिवपूर्वकाळ ते स्वराज्य, नागरिकशास्त्रात संविधानाची उद्देशिका. विज्ञानात वनस्पतींची रचना, पोषण, भेसळ, मापन, स्थितिक विद्युत. आमच्या वेळी यातलं निम्मं नववीला होतं असं वाटतंय (की मी सातवीत लक्षच दिलं नव्हतं, देव जाणे).

पण धागा काढायचं कारण भूगोल. पहिला धडा 'ऋतुनिर्मिती भाग १'. भाग २ शोधायला गेले तर तो थेट आठवा धडा! आधी वाटलं, छपाईत घोळ झाला. मग लक्षात आलं. भाग १ मध्ये मुलांनी जूनमधल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहायच्या आहेत, सावली बघायची आहे. भाग २ येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. म्हणजे मधले सगळे महिने तोच धडा चालू आहे, फक्त पुस्तक मिटलेलं आहे.

आम्ही हे केलं होतं. गच्चीत कणकेच्या गोळ्यात ३० सेंटिमीटरची पट्टी उभी करून. पुण्यातला जून, ढगच ढग, पंधरा दिवसांत चार वेळा ऊन मिळालं. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सावली तीन सेंटिमीटरसुद्धा भरली नाही, आणि पडली दक्षिणेला. लेक म्हणाली, "पट्टी वाकडी आहे." पट्टी सरळच होती. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो, जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. जुलैअखेरीस सावली काही क्षण गायबच होणार होती, पण त्या आठवड्यात सूर्यच गायब होता. आता भाऊबीजेला पुन्हा मोजली तर जवळजवळ वीस सेंटिमीटर, आणि उत्तरेकडे.

हे तिने मामाला सांगितलं नाही. कारण हा 'धडा' नाही ना, त्यावर प्रश्नोत्तरं लिहिली नाहीत.

तुमच्याकडच्या सहावी-सातवी-आठवीवाल्यांनी या सत्रात असं काय केलं, जे धड्यांच्या मोजणीत येत नाही?

कट्टर_वाचक

छान लिहिलंय ताई, पण गच्चीत पट्टी उभी करून पेपरात किती मार्क मिळाले तेही सांगा. आमच्या चिरंजीवांना 'पृथ्वीच्या आसाचा कल किती?' याला साडेतेवीस अंश लिहिलं की एक गुण मिळतो. सावली न बघता मिळतो.

खडूफळा

कट्टर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवी शिकवतो, तर थोडं सांगतो. सातवी-आठवीला १०० पैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे (सत्रभर चालणाऱ्या कामाचे) असतात, ६० संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे). आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं आहेत. म्हणजे ताईंच्या लेकीच्या पट्टीला कागदोपत्री गुण आहेत. ते खरोखर पट्टी बघून दिले जातात की सत्र संपताना एका बैठकीत रकाने भरले जातात, हे शाळेवर आहे. मीही भरलेत एका बैठकीत, खोटं कशाला बोलू.

सत्राचं गणित बाहेरून दिसतं तसं नसतं. जूनच्या मध्यावर शाळा उघडते (विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा), दिवाळीला सत्र संपतं, म्हणजे म्हणायला चार महिने. त्यातून पायाभूत चाचणी, वृक्षारोपण, पंधरवडे, स्वातंत्र्यदिनाची तयारी, गणपती, नवरात्र, वर कुठलं तरी सर्वेक्षण वजा करा. आमच्याकडे सोयाबीन काढणीला आला की वर्गातली मागची दोन बाकं रिकामी. उरलेल्या तासांत एवढा पसारा बसवायचा असतो.

मोगरा_आणि_मी

रानजाई, कोनदुभाजकाबद्दल +१. आमच्याकडे त्या रचनेवरून रडारड झाली. त्रिकोणाचे तिन्ही कोनदुभाजक एका बिंदूत मिळायला हवेत, तर मुलाचे तीन दुभाजक मिळून मध्ये आणखी एक चिमुकला त्रिकोण व्हायचा. चार वेळा खोडलं, कागद फाटला. शेवटी माझ्या सासऱ्यांनी कंपास हातात घेऊन हलवून बघितला. बिजागरीचा स्क्रू ढिला! पेचकसाने आवळून दिला आणि पाचव्या वेळी तिन्ही रेषा बरोब्बर मिळाल्या. पोरगं एवढं खूश झालं की त्या बिंदूतून आतलं वर्तुळ काढून रंगवूनच टाकलं.

त्याला एकसंपाती (एकाच बिंदूत मिळणाऱ्या रेषा) हा शब्द आता जन्मात विसरता येणार नाही. पण शाळेत तपासताना बाईंनी वर्तुळ रंगवल्याबद्दल शेरा मारलाय.

घाटमाथा

माझा एक जुना प्रश्न विचारून घेतो. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. सातवीतच आहे ना हे? मला चाळिशीतही पटलेलं नाही. 'नियम आहे' एवढंच सांगितलं होतं. आता मुलगी विचारतेय आणि मीही 'नियम आहे' म्हणून मोकळा झालो.

खडूफळा

घाटमाथा, फळ्यावर असं उतरत या:

(−३) × २ = −६
(−३) × १ = −३
(−३) × ० = ०

प्रत्येक पायरीला उत्तर तीनने वाढतंय. आता पुढची पायरी (−३) × (−१). शून्यात तीन मिळवले की तीन. वर्गाला हे मी सांगत नाही, तीन ओळी लिहून गप्प उभा राहतो. कोणीतरी चौथी ओळ ओरडतंच. ते ओरडणारं पोर बऱ्याचदा हुशार म्हणून नाव असलेलं नसतं.

घाटमाथा

अरेच्चा. एवढंच होतं? धन्यवाद सर. मुलीला दाखवलं, ती म्हणाली, "आम्हाला सरांनी हेच दाखवलं होतं, मी फक्त बघत होते तुम्हाला येतं का."

आबा_दर्यावर्दी

रानजाईताई, तुमचं सावलीचं वाचून राहवलं नाही. मी गुहागरकडचा, वय ७४. नातू सातवीत, मुंबईला. दिवाळीला आला होता. भूगोलात 'भरती-ओहोटी' झालंय म्हणाला, सूर्य-चंद्राचं गुरुत्वाकर्षण, उधाणाची भरती, भांगाची भरती, सगळं पाठ. म्हटलं, बरं, आज भरती कधी? तर मोबाइल काढला.

आमच्या वडिलांकडे मोबाइल नव्हता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या पुढे. अष्टमीला सहा. पुनवेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी लोटायला पुरतं. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, त्याला पाऊण तास धरलं की झाली ही पाऊणपट. भाऊबीजेला, म्हणजे द्वितीयेला, दीड वाजता. नातवाला किनाऱ्यावर नेऊन उभा केला. पाणी शेवटच्या सुरुच्या मुळाशी आलेलं. घड्याळात एक वीस.

मग त्याने वहीत ३/४ × २ लिहून दीड काढलं. मला कशाला वही? पाउणकी येते की: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. त्याने ती पाठ करून घेतली आणि परतीच्या एसटीत आईला म्हणून दाखवली. परिमेय संख्या म्हणजे आमची पाउणकीच ना हो?

खडूफळा

आबा, पाउणकी ही परिमेय संख्यांची बहीण म्हणा. परिमेयमध्ये ऋण अपूर्णांकही येतात. पण तुमची परवानगी असेल तर सोमवारी ही पाऊणपट वर्गात घेतो. आमच्या मुलांनी समुद्र बघितलेला नाही. पाण्याला वेळ असते यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

आबा_दर्यावर्दी

परवानगी कसली सर! सांगा त्यांना, गुहागरला आले की आमच्याकडे उतरा.

निळीशाई

तिथीवरून आठवलं. माझ्या मुलीचं झालं ते सांगते. इतिहासात राजमुद्रा आहे, प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी. भूगोलात दुसरा धडा सूर्य, चंद्र व पृथ्वी, त्यात चंद्रकला. दोन्ही पुस्तकं एकाच दप्तरात. बाईसाहेबांनी पाडव्याच्या संध्याकाळी विचारलं, "आज प्रतिपदा आहे, कोर दाखव." गच्चीत गेलो. सूर्य मावळला, पश्चिमेला डोळे फाडफाडून बघितलं. काही नाही.

"मग महाराजांच्या मुद्रेत प्रतिपदेचा चंद्र कसा? तो तर दिसतच नाही!"

मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आमच्याकडे आधी चंद्राला ओवाळून मग भावाला ओवाळतात. ताट घेऊन उभ्या राहिलो तर नारळाच्या झावळीमागे ही एवढीशी कोर, नखाएवढी. ओवाळता ओवाळता मुलगी म्हणाली, "काल पण होता. फक्त सूर्याच्या खूप जवळ होता म्हणून दिसला नाही. म्हणजे मुद्रेत म्हटलंय की आत्ता तुम्हाला आम्ही दिसत नाही, पण वाढणार आहोत."

संस्कृतच्या जाणकारांनी हा अर्थ खोडून काढला तरी चालेल, मी तिला सांगणार नाहीये.

कट्टर_वाचक

मुद्रेचा मुख्य मुद्दा 'वर्धिष्णू' आणि 'विश्ववंदिता' हा आहे, दिसणं-न दिसणं हा नाही. प्रतिपदा लिहिण्यात कवीची सोयही असेल. पण बारा वर्षांच्या मुलीने इतिहास आणि भूगोल एकमेकांना धडकवले हे मान्य. आमच्याकडे ते विषय वेगवेगळ्या रंगाच्या कव्हरांत असतात आणि बोलत नाहीत.

सुगरण_नव्हे

तुम्ही सगळे फार उदात्त चालला आहात. आमच्याकडे मुलाचा 'अन्नपदार्थांची सुरक्षा' हा धडा झाल्यापासून मी तोंड लपवून फिरतेय. त्याने फ्रिजवरचं चुंबक काढून लाडवांच्या रव्यातून फिरवलं. चार काळे कण चिकटले. लोखंडाचा कीस! सासूबाईंसमोर जाहीर केलं, "आजी, रव्यात भेसळ." वाण्याकडे परत करायला निघाला होता. सासूबाई म्हणाल्या गिरणीतून येतं एवढं, आमच्या पिढीने खाल्लंय. मग पेल्यात पाणी घेऊन तिखट टाकलं, विटेची भुकटी खाली बसते का बघायला. पाऊण तास कोणाला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. तिखट सुटलं निर्दोष.

भाजीवाल्यालाही सोडलं नाही. "काका, हे वजन नाही, वस्तुमान. वजन न्यूटनमध्ये असतं." ते म्हणाले, "वस्तुमान घे नाहीतर काही घे, साठ रुपये दे."

मोगरा_आणि_मी

वस्तुमान घे नाहीतर काही घे!! ठार.

पुणेरी_परका

आमचे चिरंजीव सहावीत, लंडनला. अभ्यासक्रम वेगळा, त्यामुळे धड्यांवर बोलत नाही. पण रानजाईंचा सूर्योदयाचा तक्ता आजी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून भरून घेते. जूनमध्ये इथे दिवस साडेसोळा तासांच्या वर, पुण्यात सव्वातेराच्या आसपास. डिसेंबरात इथे आठ तासही भरत नाहीत, पुण्यात अकरा. दोन रकाने शेजारीशेजारी ठेवल्यावर मला स्वतःला अक्षांश म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट कळलं. शाळेत 'आडव्या रेषा' एवढंच लक्षात राहिलं होतं.

रानजाई

किती भरभरून लिहिलंत! एक शंका राहून गेली. सावली सगळ्यांत आखूड होते ती बाराला, असं मी लेकीला सांगितलं होतं. जूनमध्ये ती १२:३५ च्या सुमारास झाली. म्हणून आत्ताही १२:३५ ला मोजायला गेलो, तर ती आधीच वाढायला लागलेली. दुसऱ्या दिवशी दर पाच मिनिटांनी खुणा केल्या, सगळ्यांत आखूड १२:२० ला. पट्टी तीच, गच्ची तीच. काय चुकतंय?

नकाशावाला

काही चुकत नाहीये, उलट फारच बरोबर मोजलंत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखावृत्तावरची. पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून सरासरी मध्यान्ह १२:३५ ला. हे तिला पुढच्या वर्षी येईल, आठवीच्या भूगोलाचा पहिलाच धडा स्थानिक वेळ व प्रमाणवेळ.

उरली पंधरा मिनिटं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या मागेपुढे होत असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटांपर्यंत पुढे असतो, वर्षातला सगळ्यांत जास्त. तुम्ही नेमका तोच आठवडा पकडलात.

रानजाई

लेकीला वाचून दाखवलं. विचारतेय, हे सोळा मिनिटांचं कितवीला आहे? म्हटलं कुठेच नाही बहुतेक. तर म्हणाली, "मग आत्ताच लिहून ठेवते."

खडूफळा

ताई, तुमच्या ऋतुनिर्मिती भाग २ बद्दल एक सांगायचं राहिलंय. पुस्तकाने हा धडा दोन सत्रांत वाटला, तेव्हा जूनमध्ये बाकावर असलेलं मूल डिसेंबरातही तिथेच असेल असं धरलंय. मी बीड जिल्ह्यातला. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, कोयत्यामागे नवरा-बायको आणि त्यांच्यामागे पोरं. हंगामी वसतिगृह असतं, काही मुलं थांबतात. मुली थांबवायला घरचे तयार नसतात, धाकट्यांना कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) कोण बघणार?

गेल्या वर्षी एक मुलगी अशीच गेली. जूनच्या नोंदी तिच्या सगळ्यांत नीट होत्या, म्हणून जाताना तिला चाळीस पानी वही दिली आणि म्हटलं जमेल तसं लिही. आशा ठेवली नव्हती. मार्चअखेर परत आली ती वही घेऊन. सूर्योदयाचा रकाना जवळजवळ पूर्ण, चारपासून सगळे उठलेलेच असतात. सूर्यास्ताचा मोकळा, तेव्हा भाकरी थापायची वेळ. आणि सावलीचा रकाना होता. पट्टी कुठली? गुडघ्याएवढं उसाचं टिपरू रोवलं होतं आणि सावली वितीने मोजली होती. 'दोन विती तीन बोटं', 'दोन विती चार बोटं'.

निळीशाई

सर, वाचून गलबललं. तिला काही वह्या, मोजपट्टी पाठवायची आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

खडूफळा

व्यनि नको ताई, तिचं नाव-गाव मी कोणालाच देणार नाही. मोजपट्टी दिलीय यंदा, शिवणकामाची टेप, घडी करून वहीत बसते.

आणि गलबलून थांबू नका. त्या वहीवर आमचे तीन तास रंगले. भौतिक राशींचं मापन पुन्हा शिकवावं लागलं. वर्गात सगळ्यांच्या विती मोजल्या, चौदा सेंटिमीटरपासून एकोणीसपर्यंत. तिची सतरा. मग तिने तिच्या नोंदी सतराने गुणून सेंटिमीटरमध्ये आणल्या, बोटं वेगळी धरली. फळ्यावर मांडताना मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, दिवाळीत हिची वीत किती होती?"

यंदा टोळी निघायच्या आदल्या दिवशी आधी तिची वीत मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहिली.